आपल्या गाई-बैलांचा रानटी पूर्वज : ऑरॉक्स

गोठ्यात बांधलेली गाय खिल्लार असो, देवणी असो, गवळाऊ असो किंवा परदेशातून आलेली जर्सी वा होल्स्टिन असो, या सर्वांचे मूळ एकाच रानटी जनावरात आहे. या जनावराला ऑरॉक्स असे म्हणतात. एके काळी युरोपच्या पश्चिम किनाऱ्यापासून भारतापर्यंत आणि उत्तर आफ्रिकेतही ऑरॉक्सचे कळप मोकळे चरत असत. आज जगात एकही ऑरॉक्स शिल्लक नाही. त्यातील शेवटची गाय इ. स. १६२७ मध्ये पोलंड देशातील एका जंगलात मेली.

घोडा, डुक्कर, मेंढी, शेळी या पाळीव जनावरांचे रानटी भाऊबंद अजून कोठे ना कोठे जिवंत आहेत. ज्या जनावराच्या जिवावर माणसाने शेती उभी केली, त्याचा मूळ पूर्वज मात्र नाहीसा झाला. तो दिसायला कसा होता, माणसाने त्याची चित्रे का काढली, त्याला पाळीव कसे केले आणि शेवटी तो का संपला, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. आज आपल्याकडील देशी गोवंश टिकविण्याच्या दृष्टीनेही ही माहिती उपयोगी पडणारी आहे.

ऑरॉक्स कसा होता?

ऑरॉक्सचे शास्त्रीय नाव बॉस प्रायमिजिनियस असे आहे. 'बॉस' म्हणजे बैल आणि 'प्रायमिजिनियस' म्हणजे मूळचा, आद्य. निरनिराळ्या देशांत सापडलेल्या सांगाड्यांवरून असे दिसते की, पूर्ण वाढ झालेल्या नराची खांद्यापाशी उंची सुमारे १६० ते १८० सें. मी. असे. म्हणजे साधारण उंचीचा माणूस त्याच्याजवळ उभा राहिला, तर त्याचे डोके जेमतेम जनावराच्या खांद्याला लागले असते. मादी नरापेक्षा बरीच लहान असे. पाय लांब, छाती व मान भारी, मागचा भाग हलका आणि कास लहान, अशी त्याची ठेवण होती. शिंगे बुडाशी जाड असून प्रथम बाहेर, मग पुढे आणि शेवटी आत वर वळलेली असत.

रंगाच्या बाबतीत नर आणि मादीत फरक होता. वासरू जन्मतः तांबूस असे. नर मोठा झाला की काळा होई व त्याच्या पाठीच्या कण्यावरून फिकट रंगाचा पट्टा जाई. मादी बहुधा तांबूस-तपकिरी राही. नाकपुड्यांभोवती पांढरट कडे असे. वयाबरोबर वासराचा रंग बदलणे ही गोष्ट आपल्या पशुपालकांना नवीन नाही. खिल्लारीच्या नवजात वासराचे डोके तांबूस असते व दोन-तीन महिन्यांत तो रंग जातो, हे त्यांनी पाहिलेले असते.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्या सह्याद्रीच्या रानात आढळणारा गवा म्हणजे ऑरॉक्स नव्हे. राधानगरी, दाजीपूर भागात दिसणारा पांढऱ्या पायमोज्यांचा गवा ही वेगळी जात असून ती आजही जिवंत आहे. ईशान्य भारतातील मिथुन हे जनावर गव्याशी संबंधित आहे. युरोप व अमेरिकेतील केसाळ बायसन हाही वेगळाच प्राणी होय. आपल्या गाई-बैलांचे थेट मूळ मात्र ऑरॉक्समध्येच आहे.

गुहांच्या भिंतींवरील बैल

ऑरॉक्सची सर्वांत जुनी ओळख आपल्याला चित्रांतून होते. फ्रान्स देशात आर्देश नदीच्या परिसरात १९९४ साली शोवे नावाची गुहा सापडली. तिच्यातील जुन्या चित्रांचे वय सुमारे ३६,००० वर्षे मानले जाते. सिंह, गेंडे, घोडे यांच्याबरोबर तेथे ऑरॉक्सही रेखाटलेले आहेत. त्या काळी माणसाला शेती माहीत नव्हती आणि गाय पाळण्याची कल्पना तर फारच दूर होती. शिकार आणि कंदमुळे यांवर तो जगत होता.

याहून प्रसिद्ध गुहा म्हणजे फ्रान्समधीलच लास्को. दोर्दोन्य भागातील माँतिन्याक गावाजवळ १९४० च्या सप्टेंबर महिन्यात चार मुलांना ही गुहा सापडली. तिच्यातील चित्रे सुमारे १७,००० वर्षांपूर्वीची किंवा त्याहूनही थोडी जुनी आहेत. गुहेतील एका प्रशस्त भागाला 'बैलांचे दालन' असेच नाव पडले आहे. तेथे भिंतीच्या वरच्या भागात काळ्या रेषांनी काढलेले प्रचंड बैल असून त्यांतील सर्वांत मोठ्याची लांबी ५ मीटरपेक्षा जास्त आहे. म्हणजे खऱ्या जनावराहूनही चित्रातील बैल मोठा आहे.

ही चित्रे काढण्यासाठी वापरलेले रंग साधेच होते. तांबड्या व पिवळ्या रंगासाठी लोहयुक्त माती म्हणजे आपल्याकडील गेरूसारखा पदार्थ आणि काळ्या रंगासाठी मँगॅनीजयुक्त खनिज वापरले गेले. गुहेच्या आत सूर्यप्रकाश पोहोचत नाही. जनावरांची चरबी जाळून दगडी दिव्याच्या उजेडात हे काम केले गेले. रंग बोटांनी, कुंच्याने आणि पूड फुंकून भिंतीवर चढविलेला दिसतो. बैलाचे तोंड बाजूने आणि शिंगे मात्र दोन्ही दिसतील अशी काढण्याची पद्धत तेथे आढळते.

या चित्रांचा हेतू काय असावा, याविषयी विद्वानांनी निरनिराळी मते मांडली आहेत. शिकार चांगली मिळावी म्हणून केलेला हा विधी असावा, असे पूर्वी समजले जाई. परंतु लास्को येथे खाल्लेल्या जनावरांची जी हाडे मिळाली, ती बहुतेक रेनडिअर या हरणाची आहेत. भिंतींवर मात्र रेनडिअर जवळजवळ नाहीच. तेथे घोडे, बैल आणि काळवीट-सांबरासारखी शिंगाळ जनावरे आहेत. म्हणजे रोजच्या पोटाला लागणारे जनावर एक होते आणि चित्रात मानाने काढलेले जनावर दुसरे होते. ऑरॉक्सबद्दल माणसाला वाटणारा आदर, भीती आणि कुतूहल येथे स्पष्ट दिसून येते.

लास्को गुहा पाहण्यास इतकी गर्दी होऊ लागली की, माणसांच्या श्वासातील कर्बवायू व दमटपणा यांमुळे चित्रांवर शेवाळ धरू लागले. त्यामुळे १९६३ साली गुहा सामान्य प्रेक्षकांसाठी बंद करण्यात आली. १९८३ पासून लोकांना दाखविण्यासाठी जवळच तिची प्रतिकृती उभारण्यात आली आणि २०१६ साली अधिक पूर्ण अशी नवी प्रतिकृती खुली झाली. जे हजारो वर्षे टिकले, ते वीस-पंचवीस वर्षांच्या वर्दळीने धोक्यात आले, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चित्रांचा शास्त्राला झालेला उपयोग

हाडांवरून जनावराची उंची, बांधा, शिंगांची लांबी, वय व नर-मादी हे कळू शकते. रंग, केस, पाठीवरचा पट्टा या गोष्टी हाडांवरून दिसत नाहीत. वशिंड तर मांस व चरबीचे असल्याने त्याचा सांगाडाच नसतो. अशा वेळी डोळ्यांनी जिवंत जनावर पाहिलेल्या चितारी माणसाने काढलेले चित्र हाच मोठा पुरावा ठरतो. नर काळा आणि मादी तांबूस, ही माहिती गुहाचित्रे व नंतरच्या काळातील लेखी वर्णने यांवरून मिळाली. आपले पूर्वज शिकारी असले, तरी ते जनावर किती बारकाईने पाहत होते, हे यावरून समजते.

घरात बसविलेली शिंगे

सुमारे ११,५०० वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानात गोबेक्ली टेपे येथे माणसाने मोठमोठे दगडी खांब उभे केले. त्यांवर कोल्हे, साप, रानडुक्कर यांच्याबरोबर बैलही कोरलेले आहेत. हे खांब उभे करणारे लोक अजून शिकारीच होते.

त्यानंतर याच देशात कोन्या शहराजवळ चाताल ह्युयुक नावाची वस्ती वाढली. ती सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची आहे. तेथील उत्खनन १९६१ ते १९६५ या काळात जेम्स मेलार्ट यांनी आणि १९९३ पासून पंचवीस वर्षे इयान हॉडर यांच्या नेतृत्वाखाली झाले. मातीच्या विटांची घरे एकमेकांना चिकटून बांधलेली होती व घरात शिरण्याची वाट छपरातून होती. हे लोक गहू, सातू, कडधान्ये पिकवीत आणि शेळ्या-मेंढ्या पाळीत. असे असूनही घराच्या भिंतीवर त्यांनी मेंढीला जागा दिली नाही. रानबैलाच्या कवटीला मातीचा गिलावा करून ती शिंगांसह भिंतीवर बसविलेली आढळली. ओट्यांच्या कडांनाही शिंगे ओळीने रोवलेली होती. एका भिंतीवर भला मोठा तांबडा बैल व त्याच्याभोवती नाचणारी, धावणारी लहान लहान माणसे असे चित्र सापडले.

तेथील हाडांच्या अभ्यासावरून असे आढळले की, नेहमीच्या खाण्यात शेळी-मेंढीचे मांस अधिक होते आणि रानबैल मोठ्या सामुदायिक जेवणाच्या प्रसंगी मारला जाई. बैल मारणे एकट्या-दुकट्याचे काम नव्हते. त्यासाठी अनेकांनी एकत्र यावे लागे. त्याची शिंगे घरात बसविणे म्हणजे त्या प्रसंगाची आठवण आणि घराचा मान जपणे होते. पाळीव गाई-बैल या वस्तीत पुढील काळात आले.

रानातून दावणीकडे

एवढे तापट आणि बलदंड जनावर माणसाने पाळीव केले, हे मानवी इतिहासातील फार मोठे धाडस म्हटले पाहिजे. सुमारे १०,५०० वर्षांपूर्वी युफ्रेटिस व टायग्रिस नद्यांच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या सीरिया व तुर्कस्तानच्या सरहद्दीच्या भागात हे काम सुरू झाले. पाळीव होत असलेले जनावर ओळखण्याची एक खूण म्हणजे त्याचा आकार. माणसाने आवरायला सोप्या, शांत व लहान जनावरांची पैदास पुढे चालविल्याने पिढ्यान्‌पिढ्या आकार कमी होत गेला. नर व मादी यांच्या आकारातील फरकही कमी झाला.

हे काम किती अवघड होते, याची कल्पना एका संशोधनावरून येते. इराणमधील प्राचीन हाडांतून मिळालेल्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पश्चिमेकडील बिनवशिंडाच्या सर्व गाई सुमारे ८० रानटी माद्यांच्या वंशातून आल्या असाव्यात, असा निष्कर्ष त्यात काढला आहे. म्हणजे युरोपातील सर्व दुधाळ जातींची सुरुवात एका मोठ्या गोठ्यात मावेल एवढ्याच गाईंपासून झाली.

वशिंड असलेल्या आपल्या गाईचा इतिहास मात्र स्वतंत्र आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासातून असे दिसले की, बिनवशिंडाच्या युरोपीय गाई आणि वशिंडाच्या भारतीय गाई यांचे वंश माणसाने त्यांना पाळण्याच्या लाखो वर्षे आधीच वेगळे झाले होते. म्हणजे भारतीय गाय बाहेरून आलेल्या गाईपासून झाली नाही. भारतीय उपखंडातील ऑरॉक्सपासून ती येथेच पाळीव झाली.

भारतीय ऑरॉक्स

भारतीय उपखंडातील ऑरॉक्सला बॉस नमाडिकस असे नाव ह्यू फॉकनर या शास्त्रज्ञाने १८५९ साली दिले. 'नमाडिकस' हा शब्द नर्मदा नदीच्या प्राचीन ग्रीक नावावरून घेतला आहे, कारण या जनावराचे अश्मीभूत अवशेष नर्मदेच्या खोऱ्यात मिळाले होते. पुढे गोदावरी खोऱ्यातील जुन्या गाळाच्या थरांतही त्याचे अवशेष मिळाले. म्हणजे आज जेथे ऊस, कांदा, कापूस उभा आहे, त्या नदीकाठांवर एके काळी हे रानबैल पाण्यावर येत होते.

हे जनावर पाळीव केल्याचा जुना पुरावा बलुचिस्तानातील मेहरगढ येथे मिळतो. बोलन खिंडीच्या पायथ्याशी असलेल्या या ठिकाणी १९७४ पासून झाँ-फ्रांस्वा जारीज यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. सर्वांत जुन्या थरांत हरणे व इतर रानटी जनावरांची हाडे अधिक आहेत. जसजसे वरच्या थरांत यावे, तसतसे गाई-बैलांच्या हाडांचे प्रमाण वाढते आणि त्यांचा आकार लहान होत जातो. सुमारे ८,००० वर्षांपूर्वी हा बदल घडून आला. पुढे सिंधू संस्कृतीत वशिंडाचा, मोठ्या पोळीचा डौलदार बैल मुद्रांवर कोरला गेला. आजच्या सिंध, गुजरातच्या वळूकडे पाहिले, तर त्या मुद्रेतील बैल ओळखीचा वाटतो.

दक्षिणेकडे कर्नाटक, आंध्र व तेलंगण या भागांत राखेच्या मोठमोठ्या टेकड्या आढळतात. या टेकड्या कशाच्या, याविषयी पूर्वी बरेच तर्क होते. महबूबनगर भागातील उतनूर येथे १९५७ साली एफ. आर. ऑल्चिन यांनी उत्खनन केले, तेव्हा ही राख शेणाची असल्याचे व तेथे नवाश्मयुगातील गुरांचे कोंडवाडे असल्याचे सिद्ध झाले. साचलेले शेण वेळोवेळी जाळले गेले होते. गुरांच्या खुरांचे ठसेही तेथे मिळाले. याच परिसरात बेल्लारीजवळ कुपगल येथील खडकांवर लांब शिंगांचे, वशिंडाचे बैल कोरलेले आहेत. ज्या काळात हे गोपालक आपले कळप वाढवीत होते, त्याच काळात रानटी ऑरॉक्स दक्षिणेत संपत आला होता. त्याचे अगदी अलीकडचे अवशेष कर्नाटकातील बनहळ्ळी येथील असून ते सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीचे मानले जातात.

महाराष्ट्रात पाळीव बैलाचा मान किती जुना आहे, हे दोन ठिकाणांवरून दिसते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा नदीकाठी दायमाबाद येथे १९७४ साली झाडाचे मूळ खणत असताना ब्राँझची चार जड शिल्पे मिळाली. हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्याबरोबर त्यांत दोन बैल जुंपलेला रथ व तो हाकणारा माणूस आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे एका घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि सोबत मातीचा बैल पुरलेला आढळला. दोन्हींना भोक असून काडी घालून ती मूर्ती बैलाच्या पाठीवर बसविता येते. इनामगावची ही वस्ती सुमारे तीन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आहे.

पोळ्याला किंवा बेंदराला आपण बैलाची खांदेमळणी करतो, शिंगांना हिंगूळ-बेगड लावतो, झूल घालून मिरवतो व पुरणपोळीचा घास देतो. बैलाच्या शिंगाला मान देण्याची माणसाची रीत निरनिराळ्या देशांत आणि निरनिराळ्या काळांत दिसते. आपल्याकडे हा मान कामाच्या सोबत्याला दिला जातो, हा त्यातील विशेष होय.

राजांचा आणि शूरांचा बैल

पाळीव बैल दावणीला आला, तरी रानटी बैलाचा दरारा कमी झाला नाही. असिरियाचे राजे रथातून रानबैलांची शिकार करीत व ते प्रसंग दगडात कोरून घेत. बाबिलोनच्या नेबुकाद्नेझर राजाने सुमारे २,६०० वर्षांपूर्वी बांधविलेल्या इश्तार दरवाजावर निळ्या चकचकीत विटांत रानबैलांच्या ओळी बसविल्या. पाऊस व वादळाच्या अदाद या देवाचे ते प्रतीक होते. हा दरवाजा विटा जोडून बर्लिनच्या संग्रहालयात पुन्हा उभा करण्यात आला.

रोमन सेनापती ज्यूलियस सीझर याने आपल्या युद्धवृत्तांतात जर्मनीच्या जंगलातील या जनावराचे वर्णन केले आहे. ते हत्तीपेक्षा थोडेच लहान असते, त्याचे बळ व वेग मोठा असतो, लहानपणी पकडले तरी ते माणसाळत नाही, तेथील तरुण त्यांना खड्ड्यात पाडून मारतात आणि जास्तीत जास्त शिंगे दाखवील त्याची वाहवा होते, असे तो सांगतो. शिंगांच्या कडा चांदीने मढवून मेजवानीत त्यांचे प्याले करीत, अशीही नोंद आहे. हत्तीशी केलेली तुलना अतिशयोक्त असली, तरी पाहणाऱ्यावर या जनावराचा किती धाक बसे, हे तीवरून कळते.

लिपीमध्येही बैल शिरला आहे. इंग्रजी वर्णमालेतील 'ए' हे पहिले अक्षर मुळात बैलाच्या डोक्याचे चिन्ह होते. प्राचीन फिनिशियन लोक त्याला 'आलेफ' म्हणजे बैल म्हणत. ते अक्षर उलटे धरले, तर दोन शिंगे व निमुळते तोंड अजूनही ओळखता येते. युरोपातील मोल्दोव्हा देशाच्या राजचिन्हावर आजही ऑरॉक्सचे मस्तक आहे.

शेवटचा कळप

मान एवढा असूनही हे जनावर टिकले नाही. शेतीसाठी जंगले तुटत गेली. नदीकाठची गवताळ, पाणथळ राने पाळीव गुरांच्या चराईखाली आली. शिकार तर सतत चालूच होती. युरोपच्या एकेका भागातून ऑरॉक्स नाहीसा होत होत सोळाव्या शतकात तो मुख्यतः पोलंडमध्ये उरला.

पोलंडची राजधानी वॉर्सापासून जवळच याक्तोरूव्ह येथील राजाच्या जंगलात एक कळप होता. त्याच्या राखणीसाठी राखणदार नेमलेले होते. कळपाला चराई मोकळी ठेवावी, हिवाळ्यात वैरण घालावी, यासाठी गावकऱ्यांना करांतून सूट होती. वेळोवेळी शिरगणतीही होत असे. तिचे आकडे पुढीलप्रमाणे आहेत :

१५६४ साली ३८ जनावरे
१५९९ साली २४ जनावरे
१६०२ साली ४ जनावरे (३ नर व १ मादी)
१६२० साली १ मादी
१६२७ साली ही शेवटची मादीही मेली.

शेवटच्या नराचे शिंग धातूने मढवून राजाकडे ठेवण्यात आले. पुढे स्वीडनच्या सैन्याने ते लुटून नेले आणि आज ते स्टॉकहोम येथील राजशस्त्रागार संग्रहालयात आहे.

राजाचे संरक्षण असून कळप का संपला? याची कारणे आपल्या ओळखीचीच आहेत. पहिले म्हणजे, जंगलात गावाची गुरे चरू लागल्याने रानबैलांना चारा कमी पडला. दुसरे म्हणजे, गुरांमार्फत साथीचे रोग त्यांच्यापर्यंत पोहोचले असावेत. तिसरे म्हणजे, संरक्षणाचे नियम कागदावर राहिले व देखरेख ढिली पडली. चौथे म्हणजे, सारे जनावर एकाच जागी, एकाच कळपात उरले होते. अशा लहान कळपात एक कठीण हिवाळा किंवा एक साथ पुरेशी होते. जवळच्या नात्यातील संकर वाढून पैदास कमजोर होते, ती वेगळीच. आकडे पाहिले, तर १५९९ मध्ये अजून २४ जनावरे होती आणि तीनच वर्षांत ४ राहिली. घसरण सुरुवातीला हळू असते, पण शेवटी ती फार वेगाने होते.

पुन्हा निर्माण करण्याचे प्रयत्न

गेलेले जनावर परत आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. जर्मनीतील म्युनिक व बर्लिन येथील प्राणिसंग्रहालयांचे संचालक हाइन्झ हेक आणि लुट्झ हेक या बंधूंनी १९२० नंतरच्या काळात निरनिराळ्या जुन्या जातींचा संकर करून ऑरॉक्ससारखे जनावर तयार केले. त्यास हेक गाय म्हणतात. रंग व शिंगे काही प्रमाणात जुळली, परंतु उंची व बांधा जुळला नाही. नेदरलँड्समध्ये २००८ साली टॉरोस हा प्रकल्प सुरू झाला. त्यात दक्षिण युरोपातील काटक जुन्या जाती घेऊन निवड पद्धतीने पैदास केली जात आहे. इंग्लंडमधील एका गुहेत मिळालेल्या सुमारे ६,७५० वर्षांपूर्वीच्या हाडावरून ऑरॉक्सच्या संपूर्ण जनुकांचा आराखडा २०१५ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटन व आयर्लंडच्या आजच्या काही जातींत तेथील रानटी ऑरॉक्सचे रक्त उतरले आहे, असे त्यावरून दिसून आले.

या सर्व प्रयत्नांतून एक गोष्ट स्पष्ट होते. ऑरॉक्ससारखे दिसणारे जनावर तयार करता येईल, पण ऑरॉक्स परत येणार नाही. त्याचा जो अंश उरला आहे, तो स्थानिक, जुन्या, काटक जातींमध्येच विखुरलेला आहे. या प्रयोगांना कच्चा माल मिळाला, तोही दूरदूरच्या डोंगरी शेतकऱ्यांनी जुन्या जाती सांभाळून ठेवल्या म्हणूनच.

पशुपालकांनी काय करावे?

भारतीय ऑरॉक्सचा वारसा आपल्याकडे खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ, कोकण कपिला, कठाणी या जातींच्या रूपाने आला आहे. डांगीची मुसळधार पावसात टिकण्याची ताकद, खिल्लारचा वेग व काटकपणा, लाल कंधारीची निकृष्ट चाऱ्यावर तग धरण्याची क्षमता हे गुण शेकडो पिढ्यांत तयार झालेले आहेत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील देशी व गावठी गाई-बैलांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी घटलेली आढळली. याक्तोरूव्हच्या आकड्यांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. देशी जनावरांची संख्या आज मोठी आहे. काम करण्याची वेळ हीच असते, चार जनावरे उरल्यावर नव्हे. त्या दृष्टीने पशुपालकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१) आपल्या भागाची जी मूळ जात आहे, तिची निदान एक तरी जातिवंत गाय गोठ्यात ठेवावी व ती त्याच जातीच्या वळूकडून किंवा त्याच जातीच्या रेतमात्रेने भरवावी. दुधासाठी संकरित गाई ठेवण्यास हरकत नाही, परंतु हाताशी असलेली प्रत्येक देशी गाय संकरासाठी वापरू नये.

२) गावात एकच वळू वर्षानुवर्षे वापरू नये. त्याच्या मुलींना तोच वळू लागू नये म्हणून दर दोन-तीन वर्षांनी वळू बदलावा. शेजारच्या गावाशी वळूंची अदलाबदल करणे हा त्यास सोपा उपाय आहे.

३) गाईची व वळूची वंशावळ, वेत, दूध, आजार यांची साध्या वहीत नोंद ठेवावी.

४) लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, लम्पी यांच्या लसी वेळेवर टोचून घ्याव्यात. २०२२ साली लम्पी आजाराने राज्यात केलेले नुकसान सर्वांना आठवत असेल. साथ लहान कळपाला संपवू शकते.

५) गायरान व कुरणे राखावीत. चराई गेली की जनावर जाते, हे ऑरॉक्सच्या बाबतीत घडले आहे.

६) विहीर खणताना, नदीकाठी वाळू-माती काढताना दगडासारखी झालेली मोठी हाडे, दात किंवा शिंगांचे गाभे मिळाल्यास ते फोडू वा विकू नयेत. जागा तशीच ठेवून तहसील कार्यालयास किंवा पुरातत्त्व विभागास कळवावे.

७) कोकणातील सड्यांवर आणि गोव्यात रिवणजवळ कुशावती नदीकाठी पणसायमळ येथे कातळावर जनावरांची जुनी चित्रे कोरलेली आहेत. अशा ठिकाणी चिरे काढू नयेत, चित्रांवर खडूने रेघा ओढू नयेत किंवा रंग भरू नये.

याक्तोरूव्हच्या राखणदारांना आपण शेवटचा कळप राखत आहोत, हे ठाऊक होते, पण तोवर उशीर झाला होता. आपल्या जिल्ह्यातील मूळ जातीचे वळू व रेतमात्रा यांची चौकशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी आणि पुढच्या माजाला गाय भरविताना तिचा उपयोग करावा.